खिसा नसलेला शर्ट

भूतखेत, अंगात येणं, उतारे यातलं काहीही मी मानत नाही, हे आधीच सांगून टाकते. मी तेरा वर्षं स्टाफ नर्स आहे. माणसं माझ्यासमोर गेली आहेत, त्यांच्या पलंगावरची चादर मी बदलली आहे आणि ड्युटी संपवून घरी येऊन वरण-भात जेवले आहे. भिणारी बाई मी नव्हे. आणि खरं सांगायचं तर भीतीची अशी ही गोष्टही नाही.

आम्ही नाशिकरोडला एका सोसायटीत राहतो. नितीन, म्हणजे माझे मिस्टर, सिन्नरचे. मुलगी ओवी, तेव्हा सहा वर्षांची होती. माझं माहेर सुरगाणा तालुक्यातला एक पाडा. पण सोसायटीत कुणी गाव विचारलं की मी 'कळवण' सांगायचे. नर्सिंगच्या हॉस्टेलमध्ये माझ्या बोलण्याला मुली हसायच्या, तेव्हापासूनची ही सवय. आमची डोंगराकडची बोली मी पहिल्याच वर्षी सोडली. ओवीसमोर तर तिच्यातला एक शब्दही कधी काढला नाही. माझी आई अजून पाड्यावरच असते. ओवी तिच्याकडे एकदाच राहिली होती, चार दिवस, तीही दोन वर्षांची असताना.

आणखी एक गोष्ट मी लपवायचे. माझे आई-वडील दर वर्षी दिवाळीनंतर टोळीबरोबर दिंडोरीकडे द्राक्षांच्या बागेत मजुरीला यायचे. मी आश्रमशाळेत होते, त्यामुळे त्या बागा मी कधी पाहिल्या नाहीत. वडील आता नाहीत.

मागच्या फेब्रुवारीत एका रविवारी सोसायटीतल्या सहा घरांनी सहल काढली. शिंदेवहिनींच्या ओळखीच्या बागायतदाराचा मळा होता, दिंडोरी तालुक्यात. बागेत फिरायचं, द्राक्षं खायची, दुपारी पिठलं-भाकरी. बागेत काढणी चालू होती. मजूर बायका क्रेट भरत होत्या, आपसात बोलत होत्या, आणि तो आमच्याकडचा हेल ऐकून मी नकळत पलीकडच्या ओळीत सरकले. त्यांनी मला ओळखलं तर? कशावरून ओळखणार होत्या, कोण जाणे. पण सरकले खरी.

साडेअकराच्या सुमारास नितीननं विचारलं, "ओवी कुठंय?"

"मुलांबरोबर असेल."

मुलांबरोबर नव्हती. एका मुलीनं सांगितलं, ती शेळीच्या करडामागं पळत गेली, तिकडं, मागच्या बाजूला.

मागच्या बाजूला शेततळं होतं. ज्यांनी पाहिलंय त्यांना माहीत आहे, आतून सगळा काळा प्लास्टिकचा कागद, उतार घसरडा, मोठा माणूस पडला तरी दोराशिवाय वर येत नाही. भोवती हिरवी जाळी होती. एका ठिकाणी ती फाटली होती. आणि जाळीच्या आत, पाण्यापासून दीडेक हातावर, ओवीची गुलाबी सँडल पडलेली होती.

एकच.

नितीन तसाच आत घुसत होता, मालकानं त्याला धरून ठेवलं. दोर आला. दोघंजण कमरेला दोर बांधून पाण्यात उतरले. मी नर्स आहे, पाण्यात किती मिनिटं म्हणजे काय, ते मला कुणी सांगायची गरज नव्हती. मी घड्याळाकडे बघत होते. तीन मिनिटं. चार. पाण्यातला एकजण वर येऊन मान हलवायचा, पुन्हा बुडी मारायचा. शिंदेवहिनी माझा दंड धरून काहीतरी म्हणत होत्या, पण ऐकू येत नव्हतं.

मग मी ओरडले. काय ओरडले ते मला नंतर नितीननं सांगितलं. "ओवे, कठ गेलीस गं माझी पोरी, अठ ये!" असं, पुन्हा पुन्हा, माझ्या आईच्या आवाजात. सोळा-सतरा वर्षं तोंडात न आलेली भाषा, सगळ्या सोसायटीसमोर.

आणि लांबून ओवीची हाक आली. "मम्मा!"

शेततळ्याच्या खाली, दोनशे पावलांवर ओहोळ आहे. त्याच्या काठाला दोन उंबर, एकमेकांना चिकटून वाढलेले. ओवी त्यांच्या बुंध्याशी बसली होती. गुडघ्यापर्यंत ओली. एका पायात सँडल नाही. उजव्या मनगटावर बोटांचे लाल वळ. ती रडतही नव्हती.

"मी घसरले," ती म्हणाली. "मग तिनं मला ओढलं आणि इथं आणलं."

"कुणी?"

"ती मुलगी. ती म्हणाली, तठ नोको जाऊ, अठंच बस. मम्मा, तठ म्हणजे काय?"

तठ म्हणजे तिथं, आमच्या बोलीत. मी तिला नुसतं छातीशी घट्ट धरलं.

मालकानं मजुरांना विचारलं. त्या दिवशी टोळीत ओवीएवढी मुलगीच नव्हती. एक तान्हं बाळ झोळीत होतं, बस. नितीननं ओवीला विचारलं, कशी होती ती? "माझ्याएवढी. पप्पांचा शर्ट घातला होता." म्हणजे मोठ्या माणसाचा, गुडघ्याच्या खाली येणारा. निळा, पांढऱ्या रेघांचा. "आणि त्याला खिसा नव्हता. खिशाच्या जागी नुसते दोरे लोंबत होते."

दुसऱ्या दिवशी मी आईला फोन केला. घाबरवायचं नव्हतं, म्हणून हसत हसत सांगायला सुरुवात केली. मळा कुणाचा ते सांगितलं. ओहोळाचं आणि ओवीला ओढणाऱ्या मुलीचं सांगितलं.

"जोड उंबर हाय का तिथं?" आईनं मधेच विचारलं.

मी उंबरांचं नावही काढलं नव्हतं.

"आहेत. तुला कसं माहीत?"

तिनं उलट मलाच विचारलं, "त्या पोरीच्या अंगात कापडं काय व्हती?"

मी शर्टाचं सांगितलं. खिशाचंही. मग फोन बंद झाला.

तिसऱ्या दिवशी आई एसटीनं नाशिकला आली, न कळवता. सोफ्यावर न बसता खाली फरशीवर बसली आणि कमरेच्या पिशवीतून कापडाचा एक चौकोनी तुकडा काढून माझ्या हातात दिला. निळा होता. पांढऱ्या रेघा विटून गेलेल्या. कडेला उसवलेल्या टाक्यांची भोकं.

"तुझ्या आधी एक व्हती मला," ती म्हणाली. "देवकी. सहा वरसांची. तापानं गेली, त्याच मळ्यावर. घरी न्यायला गाडी नव्हती, रस्ता लांबचा. वहळाकाठी उंबराखाली पुरली. नवं कापड कुठलं? तुझ्या बापानं अंगातला शर्ट काढला. मी खिसा उसवून घेतला... काहीतरी राहावं म्हून."

"मला कधी सांगितलं का नाहीस?"

"तुझा बाप रडायचा. मग बोलणंच सोडलं. आन् पुढं तू बी लांब गेलीस." माझ्याकडे न बघता ती म्हणाली, "ती मातूर परक्या मुलखात राहून बी आपलंच बोलते."

मी तो तुकडा हातात धरून तिच्याशेजारी फरशीवर बसले.

पुढच्या रविवारी आम्ही आईला मळ्यावर नेलं. मालक तरुण आहे, त्याच्या जन्माच्या आधीची गोष्ट, त्याला काही माहीत असायचं कारण नव्हतं. तो नुसता हात जोडून बाजूला उभा राहिला. आई उंबराखाली बराच वेळ बसली. आमच्या बोलीत हळूहळू बोलत होती, डोंगराचं, नव्या घराचं, कोण गेलं, कुणाची लग्नं झाली. मग पदरात मूठभर माती बांधली आणि उठली. "चल गं," म्हणाली. मला नाही. ओवीलाही नाही.

गाडीत मागच्या सीटवर आई एका दाराशी बसली, ओवी मधे. आई तिला म्हणाली, "सरक जरा."

ओवी सरकली. पार दुसऱ्या दाराला चिकटली. मधली जागा मोकळी राहिली. नितीननं आरशातून पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि गाडी सुरगाण्याच्या रस्त्याला लावली.

नितीनचं म्हणणं, लहानपणी ऐकलेले दोन शब्द ओवीच्या डोक्यात कुठेतरी राहिले असतील. असेल. वळ तिच्याच हाताचे असतील. तेही असेल. पण शर्टाचं काय, हे त्यालाही सांगता येत नाही आणि मलाही. मी खूप विचार केला, कागदावर मांडूनही पाहिलं. जुळत नाही.

घाट चढेपर्यंत अडीच तास ओवी त्या दाराला अंग चोरून बसली होती. दोनदा ती मधल्या जागेकडे बघून हसली. कुणाकडे बघून हसलीस, हे विचारायचं माझ्या अगदी ओठावर आलं होतं.

विचारलं नाही. अजूनही विचारलेलं नाही.