निळ्या शर्टासाठी कळमेश्वर ते कामठी

पहिलेच माफी मागते. शुद्धलेखन माह्यं शाळेसंगंच सुटलं, आठवीत. टायपिंगले बसून महिनाच झाला, एक जोडाक्षर शोधेपर्यंत चहा थंडा होते. सर म्हणाले, कुठं गेल्या असान तं लिहा, इन्स्टिट्यूटच्या भिंतीवर लावू, दुसऱ्याच्या कामी पडन. तर कामठीले पिक्चर पाहाले जाणाऱ्यांसाठी हे.

पिक्चर मोटारींच्या शर्यतीचा, दुसरा भाग. पहिला दादानं मले नागपूरले दाखवला होता, तवा तो गॅरेजात होता. मंग दुबईले गेला, त्याले तीन वर्सं झाली. तिकून कॅसेट भरून पाठवते, फोटो नाही पाठवत. एका कॅसेटमंदी म्हणे, "आई, दुसऱ्या भागाची शूटिंग आमच्याच रस्त्यावर झाली वं. संत्र्याच्या ठेल्यापाशी मी उभा आहो, निळा शर्ट. गाडी ठेला उडवते, त्याच्या पहिले पाह्य."

आई ते फिरूफिरू ऐके. "आवाज तं बरा लागते. पण पाह्यल्याबिगर कसं समजन, बारीक झाला का काय?"

पिक्चर नागपूरले लागला तवाच आई कंपनीत खाडा कराले तयार होती. मीच म्हटलं, गर्दी ओसरू दे, कामठीले लागन तवा जाऊ. तिकिटाच्या लाइनीत, धक्काबुक्कीत उभं राहाचं म्हटलं का मी मागं सरते.

आईच्या सुट्टीच्या दिवशी निघालो. सकाळची पहिली एसटी पकडा, मंगच्या गाडीत पाय ठेवाले जागा नसते. नागपूरले उतरून पोहे खाल्ले. वरची तर्री आईनं अजून मागतली, तिचे पैसे घेत नाही. पुढं कामठीचा शेअर ऑटो. मांडीवर मानूस बसल्याबिगर तो हालत नाही.

टॉकीजवर लेडीज खिडकी वेगळी होती. तिथं आम्ही दोघीच. नागपुरातही असनच अशी. मी कधी कोनाले इचारलंच नाही.

आत आमच्या मागं दोन पोट्टे बसले होते. "अबे, गाडी हाय का उडतं इमान!" असं चाललं होतं त्याहिचं.

आई वळली. "चूप बसा ना गा. माह्या पोराची बारी येऊन राहिली."

"काहून मावशी, हिरो हाय का तुमचा पोरगा?"

"नाही. ठेल्यापाशी उभा हाय."

ते हासलेच नाही. मंग तेही ठेला शोधू लागले. लाल गाडी गल्लीत वळली. एक जण वरडला, "मावशी, ठेला!" संत्री दिसली, अन् कचकन पडदा पांढरा. मंग एकदम गाडी समुद्राच्या काठी. सगळ्या टॉकीजनं शिट्ट्या मारल्या.

"गेला काय वं?" आईनं इचारलं.

"ठेलाच गेला, आई."

सुटल्यावर आई सरळ जिना चढून ऑपरेटरच्या खोलीपाशी गेली. मी पायरीवरच थांबली. म्हातारासा मानूस होता. आईनं जयभीम केला, त्यानंही केला. सगळं ऐकून घेतलं. म्हणे, "पिक्चरची पट्टी तिकूनच तुटून आली, बाई. लय टॉकीजा फिरली. पहिल्या हप्त्यात नागपूरले पाहा लागत होती."

आईनं माह्याकडं पाह्यलं नाही. पाह्यलं असतं तं बरं झालं असतं.

त्यानं टिनाच्या डब्ब्यात हात घातला. "जोडताना फाटकी कड कापली होती. ठेला हाय त्याच्यात. घेऊन जा."

घरी येऊन बल्बसमोर धरली. चार बोटांची पट्टी. गाडीचं तोंड, संत्री, अन् फाटल्याच्या कडेले निळी बाही, हात. बस. तोंड पुढच्या तुकड्यात राहिलं. हात दादाचाच हाय का, तेही मले सांगता नाही येत. आईनं लय वेळ पाह्यलं.

"मनगट पाह्य वं त्याचं," ती म्हणे. "बारीकच झाला."

पट्टी आता कॅसेटच्या डब्बीत हाय. तुमचं कोनी पिक्चरमंदी असन तं पहिल्याच हप्त्यात जा. लेडीज खिडकी वेगळी असते.

अन् हो, इन्स्टिट्यूटच्या मागच्या बोरीवर आग्या मोहोळ बसलं हाय. तिकडची खिडकी उघडू नका.