भिंत पुसणारी

ऑगस्ट १९८३, मंगळवार, सकाळचे सात. उपस्थित: शरद, फिलोमिना, मी आणि विद्यापीठाची भिंत धुणारी बाई.

त्या वर्षी फीवाढीविरुद्धचं आमचं आंदोलन तीन महिने चाललं. आम्ही संध्याकाळी भिंतीवर घोषणा लिहायचो, ती सकाळी पुसायची. काथ्याने खालून वर घासत जायची, म्हणजे रंगाचे ओघळ उतरत नाहीत.

"मावशी, आमची क्रांती तुम्ही सात वाजताच धुता," फिलोमिना चिडवायची.

"लिवा गो, पण गेरून लिवा. ऑइलपेंट निघणा नाय, मगे सायब माका बोलता."

बारा वर्षं ती रोजंदारीवर होती. तिला कायम करा, ही आमची सातवी मागणी. मागण्यांची यादी माझ्याकडे असायची. सोमवारच्या बैठकीत साहेब लोक फीवाढ मागे घ्यायला तयार झाले, पण सातवी मागणी सोडा म्हणाले. शरदने माझ्याकडे पाहिलं. मी पट्टी ठेवून ती ओळ खोडली.

मंगळवारी ती आमच्या शेवटच्या घोषणा पुसत होती. "माझां काय झालां गो?" तिने मला विचारलं.

मी शरदकडे पाहिलं. शरद म्हणाला, "पुढच्या वर्षी नक्की, मावशी."

"पुढच्या वर्साक तुमी खंय असतलास रे?" ती हसली, काथ्या पिळला आणि भिंतीकडे वळली.

पुढच्या वर्षी आम्ही तिघंही नोकरीला लागलो होतो. ती रोजंदारीवरच होती, असं कानावर आलं. तिची ओळ मी माझ्या हाताने खोडली, हे तिला जाऊन सांगायचं अजून राहिलं आहे.