अंड्यांच्या डब्यातून ग्राफिक्स कार्ड: अकोले ते नगर आणि परत

मला प्रवासाची भीती वाटते. प्रवासाच्या ब्लॉगवर हे वाक्य शोभत नाही, ठाऊक आहे. पण तुमच्यापैकी कुणी माझ्यासारखं असेल आणि तरी त्याला कमी पैशात गेमिंगचा कॉम्प्युटर जोडायचा असेल, तर हे वाचून त्याला थोडा धीर येईल, म्हणून लिहितोय.

दोन वर्षांपूर्वी पुण्यात नोकरीला असताना भर दुपारी बसमध्ये माझा श्वास अडकला. छातीत धडधड, हातापायांना मुंग्या, डोळ्यांपुढे अंधारी. मी मरतोय अशी खात्रीच झाली होती. दवाखान्यात सगळ्या तपासण्या झाल्या. हृदय ठणठणीत आहे, हा भीतीचा झटका आहे, असं डॉक्टर म्हणाले. आठवड्याभरात पुन्हा आला, मग पुन्हा. शेवटी नोकरी सोडून मी गावी आलो. गाव म्हणजे राजूरच्या पुढची आमची वाडी. घरात बसून लोकांचे ऑनलाइन अर्ज भरतो, त्यावर माझं भागतं. वाडीबाहेर जायचं टाळत टाळत इतका काळ गेला की राजूरच्या बाजाराला जायचं म्हटलं तरी आदल्या दिवसापासून मी न जायची निमित्तं शोधायचो.

या सगळ्यात एक गोष्ट टिकून होती. हॉस्टेलचे माझे तीन मित्र आणि मी रोज संध्याकाळी मोबाईलवर एकत्र गेम खेळायचो. त्या तासा-दोन तासांत मला कसलीच भीती वाटत नसे. मग तिघांनी नवा गेम घेतला. चौघांनी मिळून एक जहाज चालवायचं, एकानं सुकाणू धरायचं, बाकीच्यांनी शिडं आणि तोफा. तो मोबाईलवर चालत नाही. महिनाभर ते तिघे खेळायचे आणि मी फोनवरून नुसता ऐकायचो. एका संध्याकाळी त्यांच्यातला निखिल जरा चाचरतच म्हणाला, "दिवाळीपर्यंत तुझी जागा ठेवतो रे. मग ऑफिसमधला एक जण विचारतोय, त्याला घ्यावं लागेल." त्याचं काही चुकलं नव्हतं. पण ते तिघे सोडले तर माझ्याशी बोलणारं बाहेरचं कुणी उरलं नव्हतं.

तुम्ही म्हणाल, ऑनलाइन मागव. आमच्या वाडीचा पिनकोड टाकला की बहुतेक ठिकाणी 'इथे पोहोचवत नाही' असंच येतं. शिवाय माझ्या बजेटमध्ये नवं ग्राफिक्स कार्ड बसत नव्हतं, जुनंच घ्यावं लागणार होतं. जुनं कार्ड चालवून बघितल्याशिवाय घेऊ नये, हे इंटरनेटवरचा प्रत्येक जण सांगतो. थोडक्यात, कायमचं घरात बसता यावं म्हणून मला आधी घराबाहेर पडायचं होतं.

"मी येते की संगं," आई म्हणाली. "भात कापायला अजून येळ हाय. नगरला मावशीकडं बी जानं व्हईल." मावशीसाठी तिनं गावरान अंडी घेतली, आमच्याकडच्या पद्धतीनं: तेलाच्या जुन्या पत्र्याच्या डब्यात गिरणीवरचं भाताचं तूस, त्यात अंडी, वरून पुन्हा तूस. असा डबा जीपच्या टपावर टाकला तरी अंड्याला चीर जात नाही.

पहिला दिवस: वाडी ते नगर

सकाळी पहिल्या जीपनं राजूर, तिथून दुसऱ्या जीपनं अकोले. मी दाराशी बसलो. वळण आलं की माझा हात आपोआप दाराच्या मुठीवर जात होता. ड्रायव्हरनं आरशातून बघितलं.

"भाऊ, दार उघडू नका हां. सीट भरायचंय मला अजून एक, कमी नाय करायचं."

सगळे हसले, मीही हसलो. हात मात्र मुठीवरच राहिला.

अकोल्याहून संगमनेरपर्यंत एसटी बरी मिळते. आईला अर्धं तिकीट, त्यामुळे ती ऐटीत. संगमनेर स्टँडवर मात्र माझा धीर सुटला. गर्दी, हॉर्न, भोंग्यावरची ओळखू न येणारी घोषणा. श्वास आखूड व्हायला लागला. मी आईला म्हणालो, "आपण परत जाऊ."

"कामुन?"

"भीती वाटतीय."

"कशाची?"

याचं उत्तर मला कधीच देता आलेलं नाही. आईलाही ते कधी कळलेलं नाही. तिच्या मते पोट रिकामं असलं की असं होतं. तिनं मला वडापाव घेऊन दिला आणि नगरची गाडी लागल्यावर खिडकीतून पिशवी टाकून जागा धरली. आता पिशवी आत आणि आम्ही बाहेर, म्हटल्यावर चढावंच लागलं.

गाडीवर पाटी अहिल्यानगरची, कंडक्टरच्या तोंडी नगरच. लोणी, कोल्हार, राहुरी असा रस्ता. दोन्ही बाजूंना ऊस, आणि मधेमधे खड्डे असे की कमरेची चौकशी करावी. राहुरीपर्यंत मी डोळे मिटून होतो, त्यामुळे निसर्गवर्णनाबद्दल माफ करा. आई शेजारच्या बाईला सांगत होती, "कांप्युटर घ्यायला चाललोय. सुटा सुटा मिळतो म्हने, मग जोडायचा." बाई म्हणाली, "मंग अख्खाच घ्यायचा ना, सुटा कशाला?" मला तेव्हा ते अगदी पटलं होतं.

नगर: रफिकभाईंचं दुकान

दिल्ली गेटपासून थोडं आत एका बोळात हे दुकान. मालक रफिकभाई, पन्नाशीचे, चष्मा कपाळावर. मी घरून यादी पाठ करून आलो होतो आणि त्यांनी "बोला" म्हटल्यावर सगळी विसरलो. दुकानदार आपल्याला गंडवणार ही माझी दुसरी मोठी भीती.

तुमच्या कामाचं तेवढं सांगतो. प्रोसेसर सहा कोरचा पुरतो, त्याहून मोठा विकायचा प्रयत्न झाला तर हसून नको म्हणा. मदरबोर्ड साधा चालेल, पण पुढेमागे वाढवता येईल असा. रॅमचे भाव मधे इतके चढले की दुकानदारालाच सांगताना लाज वाटते. मी आठ-आठ जीबीच्या दोन पट्ट्या घेतल्या. साठवणीला एसएसडी पाचशे जीबीची. कॅबिनेटवरचे रंगीत दिवे नकोत, त्या पैशात बरा मॉनिटर येतो. मॉनिटर जुना, पण तिथेच लावून बघितलेला. पॉवर सप्लायला मी स्वस्तातला हात लावला तेव्हा रफिकभाईंनी तो माझ्या हातातून काढूनच घेतला.

"गावाला अर्थिंग हाय का?"

"म्हणजे आहे. असावं."

"लाईट कमी-जास्त व्हती ना? मग ह्यो घ्या. कंजुषी करायची तर कीबोर्डात करा."

हा माणूस आपल्या भल्याचं सांगतोय की महागाचं गळ्यात मारतोय, हे मला कळेना. आईनं माझ्याकडे बघितलं, मी तिच्याकडे. शेवटी महागाचाच घेतला. सगळं मिळून चाळीस हजारांच्या आसपास गेलं, कार्ड सोडून.

जोडणी त्यांनी समोरच केली. प्रोसेसर बसवून दांडी दाबली की एक करकर आवाज येतो. तो तसाच येतो, हे मी कितीतरी व्हिडिओंत ऐकलं होतं, तरी माझ्या तोंडून "अहो!" निघालं. मशीन सुरू झालं, पडद्यावर अक्षरं आली. मला आनंद व्हायला हवा होता. पण डोक्यात एकच: हे आता एवढ्या खड्ड्यांतून घरी न्यायचंय. मुक्काम मावशीकडे सावेडीला. एकही अंडं फुटलं नव्हतं. आईनं डबा तुसासकट परत घेतला, कारण आई डबे मागे ठेवत नाही.

दुसरा दिवस: राहात्याचं कार्ड

परतीच्या वाटेवर कोल्हारला संगमनेरच्या रस्त्याला न वळता सरळ राहात्याला गेलो. तिथे किरण नावाचा पेरूचा बागायतदार इंटरनेटवर जाहिरात टाकून आपलं कार्ड विकत होता. लग्न ठरलं होतं. होणाऱ्या बायकोनं कार्ड विकायला लावलं की यानंच आपणहून, हे शेवटपर्यंत कळलं नाही. जुन्या कार्डांत धोका असतो. काही कार्डं आभासी पैसा मिळवण्यासाठी महिनोन्‌महिने न थांबता राबवलेली असतात, वरून चकचकीत, आतून संपलेली. मी अर्धा तास गेम चालवून तापमानाच्या आकड्याकडे टक लावून बसलो. आकडा चढला की माझी धडधडही चढायची.

"इतकं काय बघताय, दादा? नवरीसुद्धा एवढी बघितली न्हाई मी," किरण म्हणाला.

कार्ड चांगलं निघालं. खोका मात्र त्यानं फेकून दिला होता. वर्तमानपत्रात गुंडाळून, वर चार पेरू देऊन त्यानं ते आईच्या हाती दिलं. मी संगमनेरच्या गाडीची चौकशी करायला रस्त्यावर गेलो.

परत आलो तर आई म्हणाली, "ठिवलं नीट. चल." मी विचारलं नाही. तिथे माझं चुकलं.

अकोल्यापर्यंत कॅबिनेट मांडीवर, मॉनिटर सीटमागे, मी घट्ट आवळून बसलेला. पुढे जीपमध्ये संध्याकाळच्या गर्दीत ड्रायव्हरनं माझ्या हातातलं कॅबिनेट टपावर चढवायला घेतलं आणि माझा श्वास अडकलाच. मी नुसता कॅबिनेटला धरून उभा. लोक बघतायत, उशीर होतोय, कुणीतरी म्हणालं, "ह्याला काय झालं?"

"त्याला भ्या वाटतंय," आई मोठ्यानं म्हणाली. "थांबा जरा. बरं व्हतंय त्याला."

दोन वर्षांत हे असं सरळ कुणी चारचौघांत बोललं नव्हतं, मीही नाही. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण ड्रायव्हर थांबला. पुढच्या सीटवरच्या एका म्हाताऱ्या बाबांनी, आपलं गाठोडं उचलून, मागे सरकत मला जागा दिली. कॅबिनेट मांडीवर घेऊन मी बसलो. आई मागे, डबा दोन पायांत धरून. घाटात धडधड चालूच होती, आणि तरी आम्ही घरी पोहोचलो.

घरी

कार्ड कुठाय, विचारल्यावर आईनं डबा पुढे केला. झाकण काढलं. आत भाताचं तूस. तुसात वर्तमानपत्र सुटलेलं, आणि मधोमध माझं ग्राफिक्स कार्ड, अंड्यासारखं पुरलेलं.

पंख्यात तूस, जाळीत तूस, खाचेत बसवायच्या सोनेरी दातांवर तुसाची भुकटी. मी ओरडलो. "अंडं आहे का ते?"

"अंड्यापेक्षा म्हाग हाय, म्हनूनच ठिवलं ना!" आईही चिडली. तिचं खरंच काय चुकलं हे तिला समजत नव्हतं, आणि मी समजावण्याऐवजी नुसता तुसातून कार्ड उपसत होतो. कार्ड गेलं, पैसे गेले, जागा गेली, हेच डोक्यात.

दुसऱ्या दिवशी रंगाच्या कोऱ्या ब्रशनं आणि सायकलच्या पंपानं ते साफ केलं. बसवलं. बटण दाबायला मन धजेना, म्हणून आधी चहा घेतला, मग आणखी एक. शेवटी दाबलं. पंखा कर्रकर्र करत फिरला आणि पडदा उजळला. एखादं तूस आत कुठेतरी अडकलं होतं. ते अजूनही तिथेच आहे.

त्या संध्याकाळी मी जहाजावर होतो. निखिल म्हणाला, "सुकाणू धर." तिघे इतका आरडाओरडा करत होते की आई दारात येऊन बघून गेली.

आणि आठवड्याभरात कॉम्प्युटर बिघडल्याचा तो निळा पडदा आला. गेम मधेच बंद, रोज. एकेक भाग काढून बघितला तेव्हा कळलं, रॅमच्या दोनपैकी एक पट्टी खराब. रफिकभाईंना फोन केला. "घेऊन या, समोर तपासून लगेच बदलून देतो," ते म्हणाले. तोवर भात कापणीला आलं होतं. आई येऊ शकत नव्हती.

एका पट्टीवर गेम चालतो. अडखळतो, शिडं उशिरा उलगडतात, पण चालतो. तसंच भागवता आलं असतं. मी दोन दिवस तसंच खेळलो. मग अडखळताना मला लाज वाटायला लागली, गेमची नव्हे, स्वतःची. आईला म्हणालो, "मी नगरला जाऊन येतो."

तिनं तुसाचा डबा काढला. मावशीनं फोनवर पुन्हा अंडी मागितली म्हणाली, आणि रफिकभाईंसाठीही थोडी अंडी काढली. "मानसानं चांगला सप्लाय दिला," एवढंच.

या प्रवासाचं वर्णन लांबवत नाही. जीपमध्ये घाबरलो. संगमनेर स्टँडवर आखूड श्वास घेत खांबाला टेकून उभा राहिलो, एक गाडी सोडली. दुसरी लागल्यावर शेजारच्या माणसाला म्हणालो, "मला भीती वाटतीय, जरा खिडकीची जागा देता का?" त्यानं दिली. राहुरीपर्यंत मांडीवर डबा आणि एक हात तुसात. गार लागतं ते हाताला, आणि अंडी फुटू नयेत म्हणून हात हळू ठेवावा लागतो. या खेपेला डोळे उघडे होते. कोल्हारला प्रवरा नदी दिसली.

रफिकभाईंनी पट्टी तपासली, बदलली. "एवढ्यासाठी एवढ्या लांबून आलात?" म्हणाले. मी हो म्हटलं. अंडी बघून त्यांनी चहाऐवजी जेवणच मागवलं.

घरी पोहोचलो तेव्हा आई खळ्यावरून नुकतीच आली होती. मी डबा तिच्यापुढे ठेवला. तिनं रिकामा समजून उचलला, मग झाकण काढून तुसात हात घातला आणि प्लॅस्टिकच्या छोट्या डबीतली नवी पट्टी बाहेर काढली.

"ही कुनी ठिवली ह्यात?"

"मीच," मी म्हणालो.