दुसऱ्या खुर्चीचं प्लास्टिक

मी शाळांसाठी तयार तास लिहिते. कोपऱ्यावरच्या दुकानात इडलीचं तयार पीठ मिळतं ना, तसंच. शिक्षकांनी पाकीट उघडायचं आणि शिकवायला लागायचं. चित्र आमचं, प्रश्न आमचे, आणि मुलांनी काय उत्तर द्यावं तेही आमचंच. इंग्रजी आणि माध्यमांचा अभ्यास हे माझे विषय. दुसऱ्याचा अर्थ एवढाच, की जाहिरात, बातमी किंवा फोटो आपल्याला काय सांगू बघतोय ते मुलांनी ओळखायचं. नागपुरात मी बरीच वर्षं वर्गात उभी राहून इंग्रजी शिकवलं. ती शाळा बंद पडली, ही नोकरी मिळाली, आणि या परक्या भाषेच्या शहरात, मारतहळ्ळीच्या एका फ्लॅटमध्ये बसून मी कधीही न पाहिलेल्या मुलांसाठी लिहायला लागले. उंटावरून शेळ्या हाकायच्या, दुसरं काय!

लग्न केलं नाही, त्याची मला हळहळ नाही. पण दिवसभर तोंड न उघडता संध्याकाळी भाजीवाल्याला कानडीत ‘सरी, अण्णा’, म्हणजे ‘बरं, दादा’, एवढंच म्हटलं की स्वतःचाच आवाज परका वाटतो, त्याची आहे. मराठी बोलायची ती रविवारी, धाकट्या बहिणीशी फोनवर. ‘ताई, कशी आहेस?’ ‘मजेत गं.’ मग तिची नातवंडं, तिचे गुडघे, नागपूरचं ऊन. इथे आले तेव्हा तीच म्हणाली होती, ‘टेबलाला दोन खुर्च्या घे हं, मी आले तर काय उभ्यानं जेवू?’ म्हणून दोन घेतल्या. माझ्या खुर्चीचं प्लास्टिक पहिल्याच दिवशी काढलं. तिच्या खुर्चीचं तसंच ठेवलं, ती आली की काढू म्हणून. आमच्या घरात नवी वस्तू पाहुण्यांसाठीच नवी राहते. आईनं फ्रिजच्या दारावरचं प्लास्टिक तर फ्रिज भंगारात जाईपर्यंत काढलं नव्हतं. पुढे बहिणीचं येणं लांबत गेलं आणि ते प्लास्टिक मला दिसेनासं झालं.

मागच्या वर्षी ‘फोटो कसा वाचावा’ या विषयावर तास लिहायचा होता. दुसऱ्याचा फोटो वापरायचा नाही असा आमच्याकडे नियम आहे, म्हणून मी माझ्याच टेबलाचा काढला. दोन कप ठेवले, दोन बशांत पोहे वाढले, वर कोथिंबीर भुरभुरली, खिडकीतलं ऊन नीट पडेपर्यंत थांबले. शिक्षकांच्या मार्गदर्शिकेत लिहिलं: अपेक्षित उत्तर, सुखी कुटुंबाची सकाळ; पुरावा, दोन कप, दोन बशा, कोवळं ऊन. मग दोन्ही बशांतले पोहे मीच खाल्ले. दुसरे गार झाले होते.

नवा तास आधी एखाद्या शाळेत करून बघतात. हा जयनगरच्या एका शाळेत ठरला आणि मला बघायला पाठवलं. मी शेवटच्या बाकावर बसले. पडद्यावर माझं टेबल हे एवढं मोठं उमटलं. शिकवणाऱ्या बाई तरुण आणि चटपटीत होत्या, मार्गदर्शिका हातात धरून एकेक प्रश्न विचारत होत्या. मुलं वहीत लिहून पटापट उत्तरं सांगत होती. सुखी कुटुंब. नवरा-बायको. आई आणि मुलगा. मी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटून घेतली.

मग मधल्या रांगेतली एक चष्मेवाली मुलगी उठली. ‘मॅम, इथे एकच माणूस राहतो.’

‘पुरावा?’ बाईंनी विचारलं.

‘मीठ, लोणच्याची बरणी, गोळ्यांची पट्टी, रिमोट, सगळं एकाच खुर्चीच्या हाताशी आहे. दुसऱ्या बाजूला बशी आणि कप सोडून काही नाही. आणि त्या खुर्चीवरचं प्लास्टिक बघा. तिच्यावर कधी कोणी बसलेलंच नाही. ती बशी नुसती फोटोसाठी ठेवलीय.’

वर्ग हसला. मी पडद्याकडे बघितलं. खुर्चीच्या पाठीवर दुकानाची चिठ्ठीसुद्धा दिसत होती. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. आधी मला रागच आला. आगाऊ कार्टी, म्हटलं मनात, तुला कोणी सांगितलंय लोकांच्या घरात डोकवायला?

बाईंनी मार्गदर्शिका चाळली. ‘निरीक्षण चांगलं आहे, पण उत्तर चूक. दोन कप आहेत ना? कुटुंबच आहे. खोडून नीट लिही.’ मुलगी खाली बसली आणि तिनं खोडरबर हातात घेतला. तरी ती पुटपुटलीच, ‘पण प्लास्टिक आहे, मॅम.’ बाई वैतागून माझ्याकडे वळल्या. ‘मॅडम, तास तुमचा आहे. तुम्हीच सांगा, या घरात किती माणसं राहतात?’

सगळा वर्ग मागे वळला. दोन म्हणणं अगदी सोपं होतं. माझ्याच हातानं तसं लिहिलेलं होतं, आणि या शहरात मला खोटं पाडणारं कोण होतं? पण ती मुलगी खोडरबर तसाच धरून माझ्याकडे बघत होती. तिनं ते उत्तर खोडलं असतं, तर मी तिला डोळ्यांनी दिसतं ते नाकारायला शिकवलं असतं.

‘एक,’ मी म्हटलं. ‘मी राहते. तिचं बरोबर आहे.’

कुणी हसलं नाही. मुलगी कानापर्यंत लाल झाली. ‘सॉरी, मॅम.’

‘सॉरी कशाला? पूर्ण मार्क घे.’ मी एकटी राहते हे या शहरात मी पहिल्यांदाच मोठ्यानं म्हणत होते. आजवर कोणी विचारलंच नव्हतं.

घरी आल्यावर मी चप्पलसुद्धा नीट काढली नाही. भाजी चिरायची सुरी घेतली आणि त्या खुर्चीचं प्लास्टिक टराटरा कापून काढलं. खाली कापड अजून कोरं होतं. चहा केला आणि त्याच खुर्चीवर बसले. समोर मीठ, लोणचं, गोळ्या, आणि दबून गेलेली माझी खुर्ची रिकामी.

रविवार नव्हता, तरी बहिणीला फोन लावला.

‘ताई? आज मधेच कसा? बरी आहेस ना?’

‘मजेत’ ओठांवर आलंच होतं. ते गिळलं. ‘नाही गं,’ मी म्हटलं, ‘फार एकटं वाटतं.’

आणि ती काही म्हणायच्या आत पुढे म्हटलं, ‘तुझ्या खुर्चीचं प्लास्टिक काढलं आज.’

‘माझी कसली खुर्ची?’ तिनं विचारलं.

तिला खरंच काही आठवत नव्हतं. मी त्या कोऱ्या कापडावरून हात फिरवत राहिले.

‘ये,’ मी म्हटलं, ‘मग दाखवते.’