सडक्यातली निवड

बुटांच्या कारखान्यात तिला सगळे रापीआक्का म्हणत. कातडं कापायची रापी सव्वीस वर्षं तिच्या हातात होती. कातडं टेबलावर पसरलं, की कुठला साचा कुठे ठेवायचा हे ती बघता बघता ठरवायची.

त्या वर्षी मालकाने स्वस्तातला माल उचलला. गोचिडांची भोकं, तारेचे ओरखडे, पोटाकडे सैल पडलेलं कातडं. साचा इकडे ठेवावा तर भोक, तिकडे सरकवावा तर ओरखडा. त्यातल्या त्यात बरी जागा शोधण्यातच तिची सकाळ जायची.

नवा मॅनेजर घड्याळ घेऊन शेजारी उभा राहू लागला. आठवड्याने त्याने तिला केबिनमध्ये बोलावलं.

"आक्का, हात मंदावलाय तुमचा. खोकी भरायला जा, नाहीतर घरी बसा. काय ते उद्या सांगा."

घरी ती धुमसतच आली. नवरा म्हणाला, "दोन्हीतलं एक घे आणि मोकळी हो."

"दोन्ही नासकी. आणि वर म्हणे, निवड कर!" तिने ताट सरकवलं.

सकाळी तिने मॅनेजरच्या टेबलावर दोन कातडी आपटली. एक जुन्या मालातलं, एक नव्यातलं.

"चार-चार साचे मांडा, साहेब."

दाराशी माणसं जमली होती, त्यामुळे त्याला नाही म्हणता येईना. जुन्यावर त्याने मिनिटभरात मांडले. नव्यावर एक ठेवला, उचलला, फिरवला, परत उचलला. कपाळावर घाम आला. पंधरा मिनिटं झाली तरी दोनच बसले होते.

"हात मंदावला का तुमचा?" आक्काने विचारलं. "चांगलं समोर असलं की कुणाचाही हात चालतो. माल तुम्ही सडका आणायचा, आणि मंद मी?"

गोष्ट मालकापर्यंत गेली. महिन्याने तो माल परत गेला, आक्का आपल्या टेबलावर राहिली. पण तिच्याआधी 'मंद' ठरवून खोकी भरायला धाडलेल्या दोघींना कुणी परत बोलावलं नाही. दर सोमवारी ती केबिनमध्ये जाऊन विचारायची, "त्यांचं काय?" पाचव्या सोमवारी एकीला परत घेतलं. दुसरी तोवर काम सोडून गेली होती.

त्यानंतर चार वर्षं आक्का तिथे होती. मॅनेजरशी ती कामापुरतंही बोलली नाही. निरोप दुसऱ्याकडून पाठवायची.