अण्णांना ऐकू येतील असे टाळ

गेल्या महिन्यात चार दिवस सुट्टी मिळाली म्हणून भोकरला माहेरी गेले होते. मोबाईलवर नुकताच एक ट्रॅक पूर्ण केला होता... तो सगळ्यात आधी अण्णांना ऐकवायचा होता.

अण्णा म्हणजे माझे वडील. जन्मभर प्राथमिक शाळेत मास्तरकी केली आणि दर गुरुवारी दत्ताच्या देवळात भजनी मंडळाची पेटी वाजवली. मी लातूरला क्लासेसमध्ये फिजिक्स शिकवते, पण रिकाम्या वेळी फोनवरच्या म्युझिक ॲपमध्ये आवाज घडवत बसते ते त्यांच्यामुळेच.

अण्णा बाजेवर बसले होते. मी त्यांच्या कानांवर हेडफोन चढवले. ते डोळे मिटून मान डोलवू लागले आणि थोड्या वेळानं म्हणाले, "झकास जमलंय बाई. लई गोड!"

मी फोनकडे बघितलं... मी अजून प्लेचं बटण दाबलंच नव्हतं.

माझं मन मोडू नये म्हणून ते कौतुक करत होते. मग एकेक आठवत गेलं... हल्ली फोन केला की ते लगेच "आईला देतो" म्हणायचे. वर्षभरापासून भजनालाही जात नव्हते. विचारलं की म्हणायचे, "मांडी घालून बसवत न्हाई आता."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी ॲपमध्ये एक साधा सूर लावला, शिट्टीसारखा. स्क्रीनवर बोट सरकवत तो हळूहळू वर चढवत नेला. अण्णांना म्हटलं, ऐकू येतंय तोवर हात वर ठेवा.

हात फारच लवकर खाली आला. मी तशीच पुढे जात राहिले... आता माझ्याच दातांत सणका येऊ लागल्या. आतून आई ओरडली, "अगं, बंद कर की ते! कान किटले." आणि अण्णा शांतपणे मला विचारत होते, "संपलं का?"

ही काही कानाची तपासणी नव्हे, तेवढं मला कळतं. पण कुठं काय हरवलंय याचा अंदाज आला. वरचे, बारीक आवाज त्यांच्यापर्यंत पोचतच नव्हते. म्हणजे पेटी ऐकू येत होती, पण टाळ गेले होते!

तुमच्यापैकी बरेच जण मला साउंड डिझाइनच्या टिप्स विचारतात... त्या दोन दिवसांत मी शिकले तेवढं सांगते.

त्यांच्या आवडीच्या एका भजनाची चाल मी ॲपमध्ये बसवली आणि पहिली चूक केली ती व्हॉल्यूम वाढवायची. अण्णांनी हेडफोन काढूनच टाकले. "कानात घण घालून राहिली की तू!" आवाज मोठा केला म्हणून तो स्पष्ट होत नाही, हे शिकवायला मला मास्तरच लागले.

मग रिव्हर्ब काढून टाकला. आपल्याला तो घुमारा गोड वाटतो, पण अण्णांसाठी एक सूर दुसऱ्यात कालवला जात होता. पेटीचा अटॅक कमी केला, म्हणजे सूर सावकाश उमलण्याऐवजी बोट पडताक्षणी सुरू होईल. खालची घरघर ईक्यूमध्ये, म्हणजे जाड-बारीक आवाज वेगवेगळे कमीजास्त करता येतात तिथे, छाटली. तरी टाळ राहिलेच... ते कितीही वाढवले तरी अण्णांचा चेहरा कोराच.

शेवटी टाळांचा आवाज पूर्ण एक ऑक्टेव्ह, म्हणजे एक सप्तक, खाली आणला. तेवढ्यानं भागेना. मग त्याखाली लाकडावर टकटक करावं तसा एक छोटा, कोरडा ठोका जोडला. ऐकायला टाळ कमी आणि पाट बडवल्यासारखंच जास्त वाटत होतं... माझं मलाच हसू आलं.

अण्णा ऐकत बसले. आधी अंगठा हलला, मग सगळा पंजा बाजेच्या कडेच्या लाकडावर ताल धरू लागला. एकदम डोळे उघडून म्हणाले, "टाळ वाजून राहिलेत की गं..." आणि डोळ्यांत पाणी.

त्या दुपारी त्यांनी पहिल्यांदा खरं सांगितलं. "एका गुरुवारी भजन संपलं, तरी मी आपला डोळे मिटून वाजवतच. कळलंच न्हाई मला. डोळे उघडले तर समदे थांबलेले, अन् माझ्याकडं बघून राहिले. लई लाज वाटली. म्हणलं, आता बस झालं."

पुढच्याच आठवड्यात त्यांना नांदेडला कानाच्या डॉक्टरांकडे नेलं. मशीन बसलं. पहिले काही दिवस त्यांनी पातेल्यांच्या आवाजावरून आईशी भांडण काढलं... ती म्हणे, बहिराच बरा होता हा माणूस!

परवा गुरुवारी ते भजनाला गेले. शुक्रवारी सकाळी मला गणपतकाकांचा फोन आला. काका टेलर आहेत, मंडळात पखवाज वाजवतात. सर आले म्हणून नुसते खुश होते.

मी त्यांना त्या जुन्या गुरुवारचं विचारलं. काका म्हणाले, "हाव, आठवतंय ना. सरांला कमी ऐकू येतंय हे आमाला आधीच ठावं होतं. हात तरी दिसावेत म्हणून टाळकरी मुद्दाम त्यांच्यासमोर बसवायचो."

"मग त्या दिवशी थांबवलं का नाही, काका?"

"कशाला थांबवायचं? भजन संपलं अन् सर एकटेच वाजवून राहिले... असं वाजवत होते बाई, की कुणाला उठावंच वाटंना. आमी ऐकत बसलो."

काकांचा फोन ठेवला. मग अण्णांना फोन लावला आणि काकांचं बोलणं जसंच्या तसं, सावकाश सांगितलं. या वेळी मात्र त्यांनी फोन आईला दिला नाही.

गणपतकाका आणि सगळे टाळकरी... तुमचे उपकार मी कशानं फेडू!