रिकामी गव्हाण

फिलू मावशी नाताळ न बघताच गेली.

बघू शकली असती. तिनेच नको म्हटलं.

आज त्याला वर्ष झालं. माझ्या फ्रेंड लिस्टमधल्या बहुतेकांचा नाताळ केक आणि सांताक्लॉजपाशी सुरू होऊन तिथेच संपतो, म्हणून हे जरा सविस्तर लिहितो. रविवारी चर्चमध्ये मुलांना धर्मशिक्षण देतो, तेव्हा समजावून सांगायची खोड आहेच. सहन करा.

‘नाताळ’ हा शब्द पोर्तुगीजांकडून आला. अर्थ अगदी साधा: जन्म.

आणि जन्माआधी वाट बघणं आलंच.

आमच्याकडे या वाट बघण्याला स्वतंत्र नाव आहे, आगमनकाळ. नाताळआधीचे चार रविवार. वेदीवर जांभळं वस्त्र, प्रार्थनेत एक प्रकारचा संयम. सण अजून आलेला नसतो. घर आणि मन आवरायचं असतं.

मला हा काळ नाताळपेक्षाही अधिक आवडतो. का, ते मावशीच्या ओटीवर समजायचं.

मुरूडच्या रस्त्यालगत तिचं कौलारू घर. दर वर्षी ओटीवर ती येशूच्या जन्माचा गोठा मांडायची. मातीची मेंढरं, मेंढपाळ, मारिया, योसेफ. मधोमध लाकडाची लहानशी गव्हाण, येशूचा पहिला पाळणा.

रिकामी.

बाळ येशूची मूर्ती कपाटात, जुन्या लुगड्याच्या मऊ तुकड्यात गुंडाळलेली. ती पंचवीस तारखेच्या पहाटेच बाहेर यायची.

तोवर गव्हाणीत फक्त पेंढा पडायचा. तोही एकेक काडी.

नियम असा: कुणाचं काही भलं केलंत, तर एक काडी टाकायची. काय केलंत ते सांगायचं नाही. बाळाचं अंथरूण किती मऊ होईल, ते गावावर.

मावशीचा भाचा डॉमनिक शेजारीच होमस्टे चालवतो. डिसेंबरात मुंबई-पुण्याची गर्दी. दोन वर्षांपूर्वी त्याने अंगणात हवा भरलेला भलामोठा सांता उभा केला, स्पीकर लावला. गोठा फोटोसाठी उत्तम होता. अडचण एकच.

“आत्या, गेस्ट विचारतात, मेन मूर्ती कुठाय? या वीकेंडला ठेव ना बाळ. फुल बुकिंग हाय.”

“बाळंतपणाआधी बारसं करतात काय रं?”

“अगं, लोकं फोटो काढून परत जातात. पंचवीसला इथं कोण असणार?”

“ज्याचा जन्म हाय तो असेल. तुझा तो फुगा बघ आधी, हवा चाललीय त्याची.”

सांता खरोखरच कमरेत वाकला होता. डॉमनिक पंप आणायला पळाला.

त्याच आठवड्यात एक गंमत झाली. पुण्याच्या एका ताईंनी आपल्या मुलीची प्लॅस्टिकची बाहुली हळूच गव्हाणीत ठेवली. मावशी बाहेर आली. मी तिथेच होतो. म्हटलं, आता काही खरं नाही.

“ही कोणाची?”

“माझी. म्हणजे मुलीची. सॉरी हं. ते रिकामं बघवेना मला.”

मावशीने बाहुली उचलली, तिचा फ्रॉक सारखा केला, परत दिली. मग ताईंना पायरीवर बसवून सगळं सांगितलं. मी वर्गात पाऊण तास घेतो. तिला पाच वाक्यं पुरली.

ताई म्हणाल्या, “पण मी तर काहीच चांगलं केलेलं नाही.”

“रिकामा पाळणा बघून जीव हलला ना तुझा? घाल एक काडी.”

पुढच्या आगमनकाळात मावशीने अंथरूण धरलं. गोठा तिच्या सूचनेबरहुकूम डॉमनिकने मांडला. दुसऱ्या रविवारनंतर डॉक्टरांनी त्याला बाजूला घेतलं. नाताळपर्यंत निभेल असं वाटत नाही, म्हणाले.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी भेटायला गेलो, तेव्हा डॉमनिक कपाट उघडत होता. त्याने मूर्ती काढली, लुगडं सोडलं आणि तिच्या उशाशी बसला.

“आत्या, बाळ बघ. आज ठेवूया? तू बघशील तरी.”

आधी ही घाई गिऱ्हाइकांसाठी होती. या वेळी तशी नव्हती, हे खोलीतल्या प्रत्येकाला कळत होतं. मलाही वाटलं, एवढी सूट देवानेच दिली असती.

मावशीने बराच वेळ मूर्तीकडे पाहिलं. हात लावला नाही.

“गुंडाळ परत,” ती म्हणाली. “थंडी हाय.”

“आत्या...”

“तुझ्या गेस्टसाठी केली न्हाय घाई. माझ्यासाठी कशाला? मी का त्यांच्यापेक्षा मोठी लागून गेले?”

मग म्हणाली, “वाट बघताना गेलं तरी चालतं, डॉमू. वाट बघितली हे महत्त्वाचं.”

त्याने मूर्ती गुंडाळली. बाहेर पडताना ओटीवर थांबून बाजूच्या पेंढ्यातून एक काडी उपसली आणि गव्हाणीत टाकली. मी विचारलं नाही. नियम आहे.

तीन-चार दिवसांनी मावशी गेली.

सुतकाचं घर, यंदा गोठा आवरून ठेवा, असं काही नातेवाईक म्हणाले. डॉमनिकने ऐकलं नाही. पंचवीसच्या पहाटे त्यानेच मूर्ती ठेवली. पेंढा इतका साठला होता की बाळ जवळजवळ बुडालं.

यंदाही गोठा आहे. सांताही आहे, धंदा आहे, तो राहणारच. पण तो मागच्या अंगणात गेला, आणि ओटीजवळ स्पीकर नाही.

आज सकाळी एका पाहुण्याने डॉमनिकला विचारलं, “दादा, यातली मेन मूर्ती चोरीला गेली का?”

“न्हाय,” तो म्हणाला. “बसा जरा. सांगतो.”

फिलू मावशी, गव्हाण अजून रिकामी आहे.

पेंढा बऱ्यापैकी साठलाय.

निवांत राहा.